काचेचा आहेर पहिल्याच धुण्यात का जातो?

महोदय,

लग्नसराईत हाताने रंगवलेले काचेचे पेले आहेरात हौसेने दिले जातात. घासणीचा हात फिरला की त्यांच्या रंगाची साल निघते आणि ते कपाटातच राहतात. रंगवणाऱ्याचा हात चांगला असतो, रंग मात्र चुकीचा निवडलेला असतो.

थिनरचे पारदर्शक रंग फार चमकदार दिसतात, पण ते ओव्हनमध्ये भाजायचे नसतात आणि रोजच्या धुण्याला टिकत नाहीत. ते फुलदाणीसाठी किंवा तसबिरीच्या काचेसाठी ठेवावेत. कंदील रंगवलात तर आत ज्योत नको, बॅटरीची पणती लावा. पेल्यांना मात्र भाजून पक्के होणारे पाण्यातले रंगच हवेत. बाटलीवर तसे छापलेले असते.

पेले सरळ उभ्या भिंतीचे घ्या, म्हणजे नक्षीचा कागद आतून चिकटवता येतो. साबणाने धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर पेला फक्त कडेला व बुडाला धरा. बोटाचे तेल लागले तिथे रंग धरत नाही. रंग बाहेरूनच द्यायचा आणि ओठ लागतो तो वरचा २ सेंटिमीटरचा पट्टा कोरा ठेवायचा.

आउटलाइनरची, म्हणजे नक्षीची बाहेरची रेघ काढायच्या दाट रंगाची, नळी आधी कागदावर दाबून आतली हवा काढा. टोक काचेला न टेकवता किंचित वर धरले की रेघ दोऱ्यासारखी पडते. खरी अडचण नावांची. ही रेघ साधारण १ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे ‘श्री’, ‘क्ष’सारख्या अक्षरांची पोटे बुजतात. अक्षर २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि शिरोरेघ शेवटी ओढा, नाहीतर हात लागून ती पुसली जाते. ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’ वगैरे पत्रिकेवर राहू द्या, पेल्यावर नुसती नावे पुरेत.

पेला गोल असल्याने ओला रंग ओघळतो. गुंडाळलेल्या टॉवेलवर तो आडवा ठेवा, वर आलेलाच भाग भरा आणि सुकल्यावर फिरवा. बाटली हलवल्याने बुडबुडे येतात, म्हणून रंग काडीने ढवळा. तरी एखादा आलाच तर ओला असतानाच टाचणीने फोडा.

वारलीची पांढरी चित्रे काचेवर छान उठतात, त्यांना आउटलाइनरही लागत नाही. मात्र पालघाट देवीचा लग्नचौक पेल्यावर उतरवू नये असे आम्हाला मनापासून वाटते. वारली लग्नघरात सुवासिनी हा चौक भिंतीवर लिहितात, तो पूजेचा भाग आहे. तारपा नाच घ्या, तोरण घ्या, पैठणीवरचा मोर घ्या.

भाजण्याआधी रंग पूर्ण २४ तास सुकू द्या. ओला राहिला तर ओव्हनमध्ये फुगतो. पेले थंड ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ठेवूनच तो सुरू करा. बहुतेक रंगांना १५० ते १६० अंश सेल्सिअसला ३० ते ४० मिनिटे लागतात, तरी बाटलीवरचा आकडा प्रमाण माना आणि वेळ ओव्हन तापल्यावर मोजायला लागा. जास्त तापल्यास पांढरा रंग पिवळट पडतो. नंतर दार न उघडता पेले आतच निवू द्या, कारण गरम काचेला गार हवा लागली की ती तडकते. नेहमीच्या मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर हे काम होत नाही. आउटलाइनर भाजायला चालतो का, तेही आधी पाहा.

बांधताना पेल्याला आधी बटर पेपर गुंडाळा. बबल रॅप थेट लावला तर ताज्या रंगावर गोल ठसे उमटतात.

आपल्या पुरवणीत असे आहेर सुचवताना रंगाचा प्रकारही छापावा, ही विनंती. विकणाऱ्यांनीही खोक्यात चिठ्ठी घालावी: रंग भाजलेला आहे की नाही, मऊ स्पंजने हातानेच धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका, तारेची घासणी लावू नका.

– काचेवर रंगकाम करणारे काही वाचक, पुणे