लॅबमधल्या माणसांची काळजी घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते इतर आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करून गर्भ तयार करण्याच्या) लॅबमधल्या लोकांनाही कळायला हवं.

आमचं काम बंद दाराआड चालतं. मंद उजेड, गाळलेली हवा, अत्तराला मनाई. जोडप्यांना डॉक्टर भेटतात, आम्ही क्वचितच. 1978 साली जन्मलेल्या पहिल्या आयव्हीएफ बाळामागच्या एम्ब्रिओलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ सांभाळणाऱ्या तज्ज्ञ) जीन पर्डी यांचं नाव त्या कामाच्या स्मृतिफलकावर यायला 2015 साल उजाडलं, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. जिथे कामच दिसत नाही, तिथे दुखणं कोणाला दिसणार?

इक्सी, म्हणजे बीजात थेट शुक्राणू सोडण्याची पद्धत, करताना जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या स्त्रीबीजात सुईने एकच शुक्राणू सोडायचा असतो. मान, खांदे, मनगटं आखडून जातात. हे दुखणं चालायचंच, असं मी आधीच्या नोकरीत ऐकत आले होते. तुम्ही मात्र स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलात आणि केसेस संपेपर्यंत नुसतं पाहत राहिलात. मग मायक्रोस्कोपच्या आयपीसची उंची बदलली, कोपरांना आधार मिळाला, आणि सगळ्या इक्सी एकानेच सलग करायच्या नाहीत असं ठरलं.

पण माझ्या लेखी तुमचं सगळ्यांत मोठं काम विटनेसिंगचं. नमुना एका डिशमधून दुसरीत जाताना दोघांनी नाव आणि ओळख क्रमांक पडताळायचा असतो. थकलेला माणूस लेबलकडे बघतो, पण वाचत नाही. तिथे चूक झाली तर ती एखाद्या कुटुंबाला जन्मभर पुरते. आमच्या मनावरचा खरा ताण हाच. घरी जेवायला बसलं तरी ‘ते लेबल नीट वाचलं होतं ना’ हे डोक्यातून जात नाही. ‘अजून लक्ष द्या’ असं सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही त्या वेळेपुरते लॅबमधले फोन बंद ठेवायला लावलेत, दोघांनीही मोठ्याने वाचायचं ठरवलंत, आणि दिवसाच्या केसेस ठरवण्याआधी लॅबमध्ये माणसं किती आहेत हे विचारलं जाईल, यासाठी व्यवस्थापनाशी भांडलात. त्या भांडणासाठी मी तुमची विशेष ऋणी आहे. आमच्यातलं कोणी ते करू धजलं नसतं.

गर्भाला रविवार कळत नाही. आज बीजांचा शुक्राणूंशी संयोग घडवला की 16 ते 18 तासांनी फलन तपासावंच लागतं. म्हणून सुट्टीच्या पाळ्या आणि रात्री इन्क्युबेटरच्या अलार्मचा फोन कोणाकडे राहणार, हे तुम्ही महिनाभर आधी लिहून लावू लागलात. पाळी नसलेल्याने फोन बंद करून झोपायचं, हेही बजावलंत. गोठवलेले गर्भ ठेवायच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीच्या खोलीतला ऑक्सिजन मीटर बिघडला तेव्हा, तो दुरुस्त होईपर्यंत कोणालाही एकट्याने आत जाऊ दिलं नाहीत. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो. गर्भ गोठवणाऱ्यांचा जीवही तितकाच मोलाचा, हे लॅबमध्ये कोणीतरी ठामपणे म्हणायला हवं होतं.

आणि जोडप्यांना निकाल कळवायचे ते फोन. सकाळी एकही बीज फलित झालेलं नाही हे सर्वांत आधी आम्हाला कळतं, त्या बाईला नंतर. तिला ते सांगितल्यावर लगेच पुढच्या डिशकडे वळणं मला जमत नसे. तुम्ही असे फोन वाटून घेतलेत, कित्येक स्वतः केलेत, आणि फोननंतर थोडा वेळ बाहेर जाऊन येण्याची मुभा दिलीत. त्यावर कधी कोणी कामचुकारपणाचा शिक्का मारू शकलं नाही, कारण तुम्हीही जाऊन यायचात.

आता तुम्ही दुसऱ्या लॅबची जबाबदारी घेताय. इथलं पुढच्या महिन्याचं पाळीपत्रक तुमच्याच पद्धतीने तयार करून लावलं आहे. व्यवस्थापनाने त्यात एक माणूस कमी करायला सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून नकार कळवला.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची,
लॅबमधली एक सहकारी