साहेब, आमच्या नगरपंचायतीचा अजेंडा आम्हाला पण वाचू द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री साहेब,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाला झेरॉक्सचं दुकान चालवतो, नगरपंचायतीच्या गेटच्या अगदी समोर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पत्र राहतं बाजूला आणि हा कोणाच्या गटाचा माणूस ह्याच्यावरच चर्चा सुरू होते, आणि मला उद्या सकाळी दुकान उघडायचंय. पहिलेच सांगून टाकतो, निधी मागायला लिहीत नाहीये. रस्ता नको, हायमास्ट नको, सभामंडप तर अजिबातच नको, आहेत तेच मोकळे पडलेत. म्हणून तुमच्या ऑफिसात हे पत्र कोणी पूर्ण वाचेल का नाही शंकाच आहे, पण लिहायलोय.

झालं असं. नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा असली की त्याच्या आठवडाभर आधी शिपाई मामा माझ्याकडं अजेंडा घेऊन येतात, कारण त्यांच्या आतलं मशीन वर्षातले सहा महिने तरी बंदच असतं. 17 नगरसेवक, वर स्वीकृतवाले म्हणजे निवडून न येता घेतलेले, सीओ म्हणजे मुख्याधिकारी साहेबांची फाईल, इंजिनियरची, लेखापालाची, अशा सगळ्या मिळून 22 प्रती निघतात. मी प्रती लावतो, स्टेपल मारतो, मामा चहा पितात आणि घेऊन जातात. त्या 22 प्रतींच्या बाहेर गावातल्या एकाही माणसाला सभेत काय होणार आहे ते कळत नाही. मला कळतं, कारण पान सरळ आलं का वाकडं आलं बघायला वाचावंच लागतं. पण मी बोलायचं नाही असं ठरलेलं आहे, कोणी ठरवलं नाही तसं, पण धंदाच असाय, लोकांचे वाटणीपत्रं, कोर्टाचे कागदं, कोणाच्या पोरीचा बायोडाटा, सगळं हातातून जातं, तोंड उघडलं की गिऱ्हाईक तुटलं.

तुम्हाला वाटत असेल अजेंड्यात फार काही भानगड असेल, तर तसं काहीच नसतं. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." "मागील महिन्यांच्या जमाखर्चास मंजुरी देणे." "शहरातील मोकाट जनावरांचा बंदोबस्त करणेबाबत विचारविनिमय करणे", हा विषय मी इतक्यांदा झेरॉक्स केलाय की आता मला तो तोंडपाठ आहे आणि जनावरं अजून पण माझ्या दुकानाच्या पायरीवरच बसलेली असतात. मग पाण्यात टाकायची टीसीएल पावडर खरेदी, धूर फवारणीच्या मशीनची दुरुस्ती, पाणी सोडणाऱ्या रोजंदारी माणसांची मुदतवाढ, घंटागाडीचं टेंडर, तहबाजारीचा म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून पावती फाडून वसुली करायचा लिलाव, कोंडवाडा, स्मशानभूमीतल्या शेडचे पत्रे, दलित वस्तीतली नाली, कोणत्या गल्लीत पेव्हर ब्लॉक. आणि सगळ्यात शेवटी ते एक वाक्य, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". ह्या एका ओळीत काय काय मावतं ते देवालाच माहिती. खरं काम तिथंच असतं असं जुने लोक म्हणतात, मी काय म्हणत नाही.

तर हा असा कोरडा कागद आहे, चोरून ठेवावा असं त्यात काहीच नाही. पण पाणी आठ दिवसाला येणार का दहा दिवसाला हे ह्याच कागदावर ठरतं साहेब, घरपट्टी पण इथंच, आणि ओट्यावरून ज्या नालीत पडून माझ्या आईला फ्रॅक्चर झालं ती नाली झाकायची का नाही ते पण इथंच.

आता मूळ गोष्ट सांगतो, हिच्यामुळंच पत्र लिहायला बसलो. आमच्याकडं आठवडी बाजार मंगळवारी भरतो. भाजीवाल्या बाया आजूबाजूच्या वाड्या-तांड्यावरून सकाळच्या एसटीनं येतात, डोक्यावर पाटी, स्टँडच्या बाहेरच रस्त्याच्या कडंला पोतं टाकून बसतात, वीस-पंचवीस वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला एका अजेंड्यात विषय होता भाजी विक्रेत्यांना ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत हलवण्याचा. ट्रॅफिक होतं हे खरंय, मी नाही म्हणत नाही, बाजाराच्या दिवशी ऊसाचा एक ट्रॅक्टर आला की अर्धा तास सगळं ठप्प. मी त्याच्या पण 22 प्रती काढल्या. सभा झाली, सर्वानुमते मंजूर. तीन आठवड्यानं मंगळवारी नगरपंचायतीची गाडी आली, भोंग्यावर पुकारलं, पावती फाडणारे उभे राहिले, इथं बसायचं नाही, तिकडं जा. तिकडं म्हणजे काळी माती, दोन सऱ्या पडल्या की गुडघाभर चिखल, ना शेड ना पाण्याचा नळ, आणि स्टँडपासून पाटी घेऊन चालत जायचं ते वेगळंच. त्या दिवशी अर्ध्या बाया माल घेऊन परत गेल्या, कोथिंबीर तर जाग्यावर टाकून गेल्या.

त्यातली एक मावशी मला लहानपणापासून ओळखते, माझ्या दुकानात पाटी ठेवून पाणी पिऊन जाते. तिनं विचारलं, "तू तर हितंच समोर असतोस, तुला म्हाईत होतं का रं?"

मी नाही म्हणालो.

ते खोटं होतं. मला चार आठवडे आधी माहिती होतं, विषय क्रमांकासकट. तेव्हापासून मंगळवारी ती पाटी ठेवायला आली की मी कायतरी काम काढून मशीनकडं तोंड करून उभा राहतो. आधी कळलं असतं तर त्या बाया काय करू शकल्या असत्या? कदाचित काहीच नाही. त्या तर आमच्या गावच्या मतदार पण नाहीत, त्यांच्यासाठी कोणता नगरसेवक बोलणार. पण निदान पाच-सहा जणी येऊन सीओ साहेबाला म्हणाल्या असत्या की आधी मुरूम टाका, एक नळ द्या, पावसाळा होऊ द्या मग हलवा. हे काय फार मोठं मागणं नव्हतं. मुरूम नंतर टाकलाच, दिवाळीला.

आमचं गाव आधी ग्रामपंचायत होतं. तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती केल्या तेव्हा आमची पण झाली, फटाके वाजवले, मी स्वतः बोर्डाचे पोस्टर फुकट छापून दिले. फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. घरकुलाचंच बघा, तेव्हा ग्रामीणला 1 लाख 20 हजार होते आणि शहरी योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक मिळून अडीच लाख, हा फरक काय कमी नव्हता. पण एक गोष्ट त्या दिवशी गेली आणि ती गेली हे कळायलाच आम्हाला दोन-तीन वर्षं लागले. ग्रामसभा गेली.

ग्रामसभा काय फार भारी चालायची असं नाही. कोरम नाही म्हणून तहकूब व्हायची, दोन गट भिडायचे, एकदा तर खुर्च्या उडाल्या. प्रोसेडिंग बुकावर सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जायच्या हे पण सगळ्याला माहिती. पण झेंडा झाला की शाळेच्या पटांगणात किंवा मारुतीच्या पारावर कोणीपण उभं राहून सरपंचाला विचारू शकत होतं की बोअरच्या मोटारीचं बिल एवढं कसं काय. माझे वडील कधी काही बोलले नाहीत जन्मात, पण एकदा उभे राहिले होते आणि आमच्या गल्लीच्या डीपीचं, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरचं विचारलं होतं. ती डीपी बसली. ते मरेपर्यंत सांगायचे.

आता कायद्याचं बघा, मी काही वकील नाही, दुकानात वकील लोकं बसतात त्यांच्याकडून ऐकून आणि थोडं वाचून सांगायलोय. 73व्या घटनादुरुस्तीनं खेड्याला ग्रामसभा दिली, आपल्या राज्यात वर्षाला कमीत कमी चार घ्यायच्या असतात. 74व्या घटनादुरुस्तीनं 3 लाख किंवा त्याच्यावर लोकसंख्या असलेल्या शहराला प्रभाग समित्या दिल्या. आणि त्याच 74व्या मध्ये नगरपंचायत म्हणजे काय सांगितलंय, तर जो भाग ग्रामीणमधून शहरी व्हायला निघालाय तो. म्हणजे आम्ही निघालोय पण पोचलो नाही. शे-दोनशे उंबऱ्याच्या वाडीला ग्रामसभा आहे, तीन लाखाच्या शहराला प्रभाग समिती आहे आणि आम्ही पंधरा-सोळा हजारवाले मधल्या मधी. आमच्यासाठी घटनेत असं काही लिहून ठेवलेलं नाही, जे करायचं ते राज्य सरकारनंच करायचंय, म्हणजे तुमच्याच खात्यानं.

कोणी म्हणेल माहिती अधिकार टाका. टाकलाय साहेब, अर्ज तर माझ्याच दुकानात लिहिले जातात, रोज एक-दोन असतातच. 10 रुपयाचं तिकीट लावायचं, 30 दिवस थांबायचं, मग पत्र येतं की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे. गेलं की संबंधित टेबलचे साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगला. मिळाली तर पानाला 2 रुपये, माझा पण रेट 2 रुपयेच आहे त्यामुळं त्याची तक्रार नाही. पण महिन्यानं ठराव हातात येऊन करायचं काय, तोपर्यंत ब्लॉक बसलेले असतात आणि बिल पण निघालेलं असतं. आणि गंमत म्हणजे त्याच 2005 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये ज्या 17 बाबी ऑफिसनं कोणी न मागता जाहीर करायच्या आहेत त्यातली एक हीच आहे, की तुमच्या मंडळाच्या, समितीच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्याचं इतिवृत्त लोकांना बघायला मिळतं का. आमच्याकडं तो 17 बाबींचा बोर्ड लागलेला आहे जिन्याखाली, त्याच्यापुढं जुन्या मतपेट्या आणि एक मोडकी घंटागाडी उभी आहे.

तशी जाहीर नोटीस पण देतात बरं का. घरपट्टीची चतुर्वार्षिक आकारणी झाली तेव्हा हरकती मागवल्या होत्या, पेपरात छापून. कोणत्या पेपरात, तर ज्याच्या आमच्या गावात चार प्रती येतात आणि त्यातली एक नगरपंचायतीतच येते. लोकांना वाढलेला आकडा कळला तो बिल हातात पडल्यावर, आणि मग थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती. नंतर बोंबलून काही होत नाही म्हणतात, हरकतीची मुदत संपली.

आणि हे पण खरं की नगरसेवक असले तर त्यांना तरी धरता येतं. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांवर 2022 पासून प्रशासकच होते, निवडणुका झाल्या त्या डिसेंबर 2025 मध्ये. त्या काळात सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव कोणी केला, सगळं एकाच सहीत. तिथल्या लोकांना आमच्या एवढं पण दिसत नव्हतं.

मजा बघा, मुंबईत किंवा नागपूरला अधिवेशन चालू असलं की तुम्ही सभागृहात काय बोलता ते मला काउंटरवर बसून मोबाईलवर लाईव्ह दिसतं. मागच्या वेळी विरोधकांनी सभात्याग केला तो पण मी आधार कार्ड लॅमिनेट करता करता बघितला. आणि माझ्यापासून चाळीस पावलावर, रस्ता ओलांडला की जो हॉल आहे, तिथं माझ्या घरपट्टीचं काय चाललंय ते मला दिसत नाही. दाराला पडदा आणि बाहेर होमगार्ड.

तर मागणं एवढंच आहे. तुमच्या खात्यानं एक जीआर काढावा, नगरपरिषद प्रशासन संचालनालयातून तो सगळ्या सीओंना जावा. ज्या दिवशी नगरसेवकाला अजेंडा जातो त्याच दिवशी तो गेटवर, स्टँडवर आणि बाजारात चिटकवायचा, आणि त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. तसा ग्रुप आहेच, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि वसुलीची सूचना त्याच्यावरच येते. ऐनवेळचा विषय खरंच ऐनवेळचा असेल, पाईप फुटला, साथ आली, तर घ्या ना, पण पंधरा लाखाचा रस्ता ऐनवेळी कसा काय आठवतो? सभा झाल्यावर ठराव आठ दिवसात बोर्डावर लावायचे, मराठीतच असतात, वाचतील लोकं. आणि हॉलमध्ये मागं चार बाकडे टाकायचे, ज्याला बसून ऐकायचंय तो ऐकेल, बोलू दिलं नाही तरी चालेल.

अजून एक, जमलं तर. वर्षातून निदान एकदा तरी सगळ्या गावाची सभा नगरपंचायतीत पण घ्या, नाव काय पण द्या. तारीख विचाराल तर आमच्या मराठवाड्यासाठी 17 सप्टेंबर ठेवा. तुमच्या तिकडं वर्षात तीनदा झेंडा होतो, आमच्याकडं चारदा, 1948 ला निजामाच्या राजवटीतून आम्ही त्या दिवशी सुटलो. सकाळी नगरपंचायतीपुढं झेंडा असतोच, सगळे गोळा झालेले असतात, पेढे-बिस्किट खाऊन आठ वाजता मोकळे. त्याच्यानंतर दीड तास तिथंच बसायला काय हरकत आहे. खर्च फक्त भोंग्याचा, आणि तो तर बाजाराच्या दिवशी वापरलेला आहेच.

साहेब, भाषा थोडी इकडची तिकडची झाली असेल, गिऱ्हाईक करत करत टाईप केलंय, समजून घ्या.

आपला,
एक झेरॉक्सवाला

ता.क. शिपाई मामा आत्ताच सांगून गेले की पुढच्या सभेचा अजेंडा सोमवारी येणार आहे, त्याच्यात बाजाराचा विषय परत आहे म्हणे, आता पावतीचा दर वाढवायचाय. मंगळवारी मावशी येईल. 22 प्रती तर काढणारच आहे, तेविसावी काढून दुकानाच्या शटरवर लावली तर चालेल का, तेवढं कळवा.