काटा शून्यावर, तरी माप खोटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा) झाली, कापसाच्या वेचणीने जोर धरला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला वजनाचे लटकते काटे दिसू लागले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे दिवसभराच्या कष्टाचा हिशेब त्या काट्यातल्या स्प्रिंगच्या हाती. इकडे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, धडा जुलैत उरकतो आणि बल, वजन, ताण हे शब्द वहीत पडून राहतात. दिवाळीनंतर हा धडा पुन्हा काढावा आणि गावातले काटे शाळेत आणून विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावेत, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र.

काटा घेताना-देताना सगळे एकच गोष्ट पाहतात, रिकाम्या काट्याची सुई शून्यावर आहे ना. गफलत इथेच होते. स्प्रिंग बलाच्या प्रमाणात ताणते, हे रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडले. समजा काट्यातली स्प्रिंग ३० वेढ्यांची आहे आणि २० किलोला १० सेंटिमीटर ताणते. तिचे ३ वेढे कापून टोक पुन्हा वळवले, तर उरले २७. प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच उघडतो, पण वेढेच कमी, म्हणून स्प्रिंग ९ सेंटिमीटरच ताणते आणि सुई १८ किलोवर थांबते. वर शून्य जुळवायचा स्क्रू असतोच. तो फिरवला की रिकामा काटा अगदी साळसूद दिसतो. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर स्क्रूने रेषा वरखाली सरकते, तिचा चढ बदलत नाही. किलोला १० रुपये दर धरा, २० किलोच्या गाठोड्यामागे वेचणाऱ्या बाईचे २० रुपये गेले.

प्रत्येक खोट्या काट्यामागे लबाडी असतेच असे नाही. गाठोडे आकड्याला अडकवून हात एकदम सोडला, तर स्प्रिंग क्षणभर जवळजवळ दुप्पट ताणते. २० किलोचे ओझे ४० किलोपर्यंत खेचू पाहते. काटा २५ किलोचा असेल तर अशा हिसक्यांनी स्प्रिंग स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडते आणि मूळ लांबीवर परत येत नाही. रात्रभर ओझे लटकत ठेवल्यानेही हळूहळू हेच होते. अशा वेळी शून्य सरकते, चढ मात्र बहुधा तोच राहतो, आणि तेव्हा स्क्रू फिरवणे रास्तच. गोल तबकडीच्या काट्यात आणखी एक भानगड असते. स्प्रिंगची हालचाल दंतपट्टीने सुईपर्यंत जाते, त्या दात्यांत कापसाचे तंतू आणि माती बसते. मग घर्षणामुळे ओझे वाढवताना सुई मागे राहते आणि कमी करताना पुढे.

हे तीनही दोष वेगवेगळे ओळखता येतात, आणि खरे शिक्षण तिथेच आहे. काटा पक्क्या आडव्या बल्लीला टांगावा, हातात धरू नये. हात वर जाताना थोडा जरी झटका बसला तरी त्वरणामुळे आकडा वाढतो. ५ किलोची, सरकारी पडताळणीच्या शिक्क्याची चार वजने घ्यावीत. ०, ५, १०, १५, २० असे चढत जावे, मग त्याच पायऱ्यांनी उतरावे. दर वेळी सुई थांबू द्यावी, डोळा सुईच्या समोर ठेवावा. चढताना-उतरताना आकडे वेगळे आले तर घर्षण. सगळीकडे सारखाच फरक, समजा अर्धा किलो, तर फक्त शून्य सरकले. फरक ओझ्याबरोबर वाढत गेला, ५ ला अर्धा किलो, १० ला एक, २० ला दोन, तर स्प्रिंगच बदललेली.

वजने नसतील तर पाणी आहेच. रिकामा कॅन आधी तोलून घ्यावा आणि शिक्क्याच्या लिटरच्या मापाने मोजून २० मापे ओतावीत. गळ्यापर्यंत भरला म्हणजे २० लिटर, हे गृहीत धरू नये. ३० अंश तापमानाला २० लिटर पाणी २० किलोला सुमारे ८५ ग्रॅमच कमी भरते. एवढा फरक या काट्यावर वाचताच येत नाही.

दोन काटे आकड्यात आकडा घालून आडवे ओढले तर न्यूटनचा तिसरा नियम समोर येतो. आडवे धरून आधी दोन्हींची शून्ये पाहावीत, मग कुणीही किती जोर लावो, आकडे सारखेच यायला हवेत. नाही आले तर एक तरी काटा खोटा. हाच प्रयोग उभा टांगून केला तर वरच्या काट्यात खालच्याचे वजनही मिळते, आणि मुले हमखास गोंधळतात.

प्रयोगशाळेतल्या छोट्या स्प्रिंगबाबतही नेहमीच्या चुका आहेत. वाढीऐवजी एकूण लांबी लिहिली जाते आणि आलेख आरंभबिंदूतून जात नाही. वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तर पहिले काही ग्रॅम काहीच ताण देत नाहीत. घरी स्प्रिंग करायची म्हणून मुले सळया बांधायची तार पेन्सिलीला गुंडाळतात. ती तार मऊ असते, ताणली की ताणलेलीच राहते. चांगली स्प्रिंग मिळाली तर २५ सेंटिमीटर ताणेल इतके वजन लावून खालीवर हलू द्यावे. एका आंदोलनाला जवळपास एक सेकंद लागतो, २० आंदोलनांना २०. हे पाहून मुले थक्क होतात. परीक्षेत मात्र चंद्रावर वजन किती हेच विचारतात. चंद्रावर कापूस कुणी वेचत नाही.

२००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमात, म्हणजे वजन-मापांच्या कायद्यात, ‘व्यवहार’ या शब्दात मजुरीसाठी केलेले मोजमापही येते. तेव्हा धुऱ्यावरचा काटाही पडताळणीच्या शिक्क्याचा हवा. काट्यांची फेरपडताळणी दरवर्षी करायची असते. इलेक्ट्रॉनिक काटाही याला अपवाद नाही. त्याच्या पोटात ओझ्याने किंचित वाकणारा धातूचा तुकडाच असतो.

ग्रामपंचायतीने ५ किलोची चार वजने शाळेला द्यावीत आणि दिवाळीनंतर एक दिवस काटे तपासायला ठेवावा. मुलांनी आकडे नोंदवून तक्ता फलकावर लावावा, काटा मात्र उघडू नये. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच व्हावी, त्यानंतर नवा शिक्का घ्यावा लागतो.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
जि. यवतमाळ