साकाइमिनातो बंदरातील एका दिवसाचा बेत

मात्सुए, शिमाने प्रांत, जपान
८ मार्च २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र आणि सोबतची यादी पोहोचली. तुमचे जहाज मे महिन्यात बुसानहून निघून १४ तारखेला, गुरुवारी, नेमके आमच्या शेजारच्या साकाइमिनातो बंदराला लागणार आहे, हे वाचल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही. त्या दिवसाची रजा मी टाकली आहे. आत्याही तुमच्याबरोबर येत आहेत, याचा आनंद वेगळाच. मात्र तुम्ही इझुमोचे देवालय, तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या, दाइसेन पर्वत, अदाची संग्रहालयाची बाग आणि मात्सुएचा किल्ला अशी जी पाच ठिकाणे लिहिली आहेत, ती एका दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी व्हिसा. तुम्ही विमानाने तोक्योला उतरणार, योकोहामाला जहाजात बसणार, बुसानला जाणार आणि तिथून पुन्हा जपानच्या बंदरात येणार. याचा अर्थ जपानमध्ये तुमचा प्रवेश एकदा नव्हे, तर दोनदा होणार आहे. ऑनलाइन मिळणारा पर्यटन व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. त्यामुळे अर्ज करतानाच दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा, आणि जहाज कंपनीची अट काय आहे हे तोंडी न विचारता लेखी घ्यावे. बुसानसाठी कोरियाच्या व्हिसाचेही त्याच वेळी विचारून घ्या. पुण्याच्या एजंटने ‘सगळे आम्ही पाहतो’ असे सांगितले असले तरी व्हिसावर छापलेला प्रवेशांचा आकडा तुम्ही स्वतः वाचा.

आता दिवसाच्या हिशेबाकडे येते. जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी ६ वाजता सुटणार, म्हणजे दहा तास हाताशी आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. प्रत्यक्षात तितके नसतात. जहाज परदेशातून येत असल्यामुळे बोटांचे ठसे, छायाचित्र आणि पासपोर्टची तपासणी याच बंदरात होईल, आणि जहाजात हजारो प्रवासी असले की रांगेत तास-दीड तास सहज जातो. संध्याकाळीही सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी सर्वांना जहाजात परतावे लागते. ती वेळ जहाजावर आदल्या रात्री मिळणाऱ्या पत्रकात छापलेली असते. म्हणून मी दिवसाची मांडणी सकाळपासून न करता संध्याकाळपासून उलटी केली आहे: ५ वाजता तुम्ही टर्मिनलच्या दारात असले पाहिजे, आणि त्याआधीचे प्रत्येक ठिकाण या वेळेवरून मागे मोजायचे. सकाळी पावणेदहाच्या आत गाडी निघेल असे मी धरत नाही. मधले सव्वासात तास, हाच आपला दिवस.

या हिशेबात इझुमोचे देवालय बसत नाही, कारण ते बंदरापासून गाडीने सुमारे दीड तासावर आहे आणि तेवढाच वेळ परतीला लागतो. वाळूच्या टेकड्या त्याच्या अगदी उलट दिशेला, जवळजवळ दोन तासांवर आहेत. दाइसेन १,७२९ मीटर उंच असल्यामुळे आकाश स्वच्छ असेल तर तो रस्त्यावरूनच दिसत राहतो. त्याच्या पायथ्याशी जाऊन वर पाहण्यापेक्षा दुरून पाहिलेला दाइसेन मला अधिक देखणा वाटतो.

अदाची संग्रहालय वगळताना मात्र मला वाईट वाटले. यासुगीजवळच्या एका खेड्यात अदाची झेन्को नावाच्या व्यापाऱ्याने ते १९७० साली, वयाच्या सत्तरीनंतर उभारले. तिथल्या बागेत पाय ठेवायचा नसतो. ती आतून, काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांतून पाहायची असते. एके ठिकाणी भिंतीला चित्राच्या मापाचे उभे भोक पाडले आहे आणि त्यातून दिसणारी बाग भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखी दिसते. जपानी बागांना वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकाने २००३ पासून ही बाग सतत पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे. चालणे बेताचे आणि बहुतेक छताखाली आहे, म्हणून आईला ते सोयीचे पडले असते. परंतु ते बंदरापासून दक्षिणेला आहे आणि मात्सुए पश्चिमेला. दोन्ही एकत्र केली तर दिवस गाडीत बसण्यात जाईल आणि बाबांचा किल्ला धावतपळत पाहावा लागेल. तुमच्या गटातील ज्यांना बागांची आवड आहे, त्यांनी जहाजाच्या अधिकृत सहलीने अदाचीला जावे असे मी सुचवीन. ती सहल महाग पडते. पण तिची बस रस्त्यात अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, आणि हा फरक सर्वांना आधी सांगून ठेवावा.

आपण सर्वांत लांबचे ठिकाण आधी घेऊ आणि नंतरचे प्रत्येक ठिकाण जहाजाच्या अधिक जवळ येत जाईल, असा क्रम मी लावला आहे. मात्सुए, मग दाइकोनशिमा बेट आणि शेवटी साकाइमिनातो गाव, ही तिन्ही जवळजवळ एकाच रस्त्यावर आहेत. कुठे उशीर झाला तर पुढचे ठिकाण सोडून द्यायचे; वाट तीच राहते. माझी गाडी पिवळ्या पाटीची छोटी गाडी आहे आणि तिच्यात कायद्याने चारच माणसे बसू शकतात. तुम्ही तिघे आणि मी. कृपया गटातील आणखी कोणाला ‘चला आमच्याबरोबर’ असे सांगू नका.

साडेदहापर्यंत आपण मात्सुएला पोहोचू. बाबा, हा किल्ला सह्याद्रीतल्या गडांसारखा नाही. उंच कडा नाही, तटाभोवतीची मैलोगणती पायपीट नाही. शहराच्या मधोमध एक टेकडी, भोवती पाण्याचा खंदक आणि वर काळ्या फळ्यांनी मढवलेला लाकडी बालेकिल्ला. होरिओ योशिहारू या सरदाराने बांधायला घेतलेला हा बालेकिल्ला १६११ साली पुरा झाला. जपानमध्ये जुन्या काळातले मूळ बालेकिल्ले आता बाराच उरले आहेत, त्यांतला हा एक. बांधकामाचे साल लिहिलेल्या प्रार्थनेच्या लाकडी पाट्या २०१२ मध्ये सापडल्या, त्यामुळे त्याचा काळ पक्का झाला आणि २०१५ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. १८७५ साली सरकारने जुने किल्ले मोडीत काढले, तेव्हा हा बालेकिल्ला १८० येनला विकला गेला होता. कात्सुबे नावाचा एक सधन शेतकरी आणि संस्थानातला एक जुना सामुराई यांनी पैसे उभे करून तो सोडवला. तुम्ही आपल्याकडच्या ढासळलेल्या बुरुजांविषयी नेहमी हळहळता, म्हणून ही हकीकत मुद्दाम लिहिली.

आत गेल्यावर तुम्ही खांब नीट पाहा, अशी माझी विनंती आहे. एकसंध मोठे सोट त्या वेळी मिळेनात, म्हणून मधल्या खांबाला चारी बाजूंनी फळ्या लावून त्या लोखंडी पट्ट्यांनी आणि आकड्यांनी आवळल्या आहेत. हात फिरवला की फळ्यांमधली फट बोटांना लागते. तळघरात विहीर आहे, म्हणजे वेढा पडला तरी पाण्यासाठी बाहेर यायला नको. जिने किरी नावाच्या हलक्या लाकडाचे आहेत, शत्रू आत शिरल्यास वर ओढून घेता यावेत म्हणून. मात्र ते फार उभे आहेत, पायऱ्या गुळगुळीत आहेत आणि बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे मोज्यांवर चढताना कठडा सोडू नये. आई, तुझ्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. टेकडीवर यायलाही दगडी पायऱ्या आहेत. त्याचप्रमाणे खंदकातून फिरणाऱ्या नावेचा हट्ट तू सोडावास. त्या नावेत खाली मांडी घालून बसावे लागते आणि बुटके पूल आले की नावाडी छप्पर खाली घेतो, तेव्हा सर्वांना पुढे वाकावे लागते. पन्नास मिनिटे तसे बसल्यावर उठताना तुला त्रास होईल.

बाबा आणि मी वर जाऊ, तेवढ्या वेळात तू आणि आत्या खंदकासमोरच्या मात्सुए इतिहास संग्रहालयात बसा. तिथे चढउतार नाही, आणि बागेकडे तोंड करून असलेल्या चहाच्या खोलीत कारागीर समोर मिठाई घडवताना पाहायला मिळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला सातवा मात्सुदाइरा सरदार, ज्याला लोक फुमाइ म्हणून ओळखतात, चहाचा मोठा जाणकार होता, आणि त्याच्यामुळे या शहराला चहा व मिठाईचे जे वेड लागले ते आजही टिकून आहे. ही मिठाई बहुधा तांदूळ, कडधान्य आणि साखरेचीच असते. तरीही ‘मासे, मांस, अंडे नको’ असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी मी तुमच्या हातात देऊन ठेवीन.

जेवणाची काळजी करू नये. इथे शाकाहाराची अडचण दिसते त्यापेक्षा खोल आहे, कारण नुसत्या शेवयांच्या किंवा भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचे पाणी असते आणि वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असे वाटतही नाही. त्यातून तुमचा गुरुवार. म्हणून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात मी घरून आणते. किल्ल्याच्या बागेतल्या बाकांवर आपण जेवू. बाबांना मात्र शिंजी सरोवरातल्या बारीक शिंपल्यांची कढणासारखी आमटी एकदा चाखायची असेल, तर आमची हरकत नाही. जहाजावरची फळे खिशात घालून उतरू नका, ताजी फळे तपासणीशिवाय आणायला इथे मनाई आहे. चिवडा, शंकरपाळे चालतील. रस्त्यात कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या.

पावणेदोनला मात्सुए सोडायचे. दाइकोनशिमा हे नाकाउमी नावाच्या खाऱ्या सरोवरातले सपाट बेट आहे आणि त्यावर पिओनीच्या फुलांची शेती चालते. बाहेरच्या शेतांतला बहर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असतो, म्हणजे तुम्ही याल तेव्हा तो ओसरत आलेला असेल; पण युशिएन नावाच्या बागेत एका बंदिस्त दालनात ही फुले वर्षभर फुलवतात. ओंजळीत न मावणारे एकेक फूल असते. आई, तुला सर्वांत जास्त आवडेल ते हेच ठिकाण, असा माझा अंदाज आहे, आणि तिथल्या वाटा सपाट आहेत.

तिथून बंदराकडे येताना एशिमाचा मोठा पूल लागतो. खालून जहाजे जावीत म्हणून तो सुमारे ४५ मीटर उंच नेला आहे आणि छायाचित्रांत तो भिंतीसारखा उभा दिसतो. आत्यांनी ते चित्र पाहून धसका घेतला असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यांना सांगा की चढ फक्त ६ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या खंबाटकी घाटात जाऊन-येऊन असलेल्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही.

शेवटचा तास साकाइमिनातो स्टेशनसमोरच्या रस्त्यावर. चित्रकथाकार मिझुकी शिगेरू यांचे बालपण याच गावात गेले. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीजवळच्या राबाउल येथे त्यांनी डावा हात गमावला आणि पुढे उजव्या हाताने जपानी लोककथांतली भुतेखेते आयुष्यभर रेखाटली. १९९३ साली त्यांतल्या २३ कांस्य मूर्ती रस्त्याकडेला बसवल्या; आज त्या पावणेदोनशेहून अधिक आहेत. बहुतेक मूर्ती वीत-दोन वीत उंचीच्या, दगडी चौथऱ्यावर ठेवलेल्या आहेत आणि लोकांचे हात लागून कित्येकांची डोकी सोन्यासारखी उजळली आहेत. ओढ्यावर कडधान्य धुणारे भूत, वाटसरूची वाट अडवणारी भिंत, असे एकेक प्रकार आहेत. कोकणातल्या मुंजा-वेताळांच्या गोष्टी ज्यांनी आम्हाला सांगितल्या त्या आत्यांना घेऊन या रस्त्याने चालायचे माझ्या फार मनात आहे. जहाजाचा धक्का इथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

गटातील इतरांना सांगायचे ते एवढेच. जहाज गावात लागत नाही, गावाबाहेरच्या धक्क्यावर लागते. स्टेशनपर्यंत त्या दिवशी बस आहे का, हे जहाजावरच विचारावे. स्टेशनवरून योनागो शहराला पाऊण तासात जाणारी, भुतांच्या चित्रांनी रंगवलेली छोटी डिझेल गाडी आहे, पण दोन गाड्यांमध्ये कधी कधी तासाहून अधिक अंतर असते, तेव्हा जाण्याआधी परतीची गाडी पाहून ठेवावी. टॅक्सीवाल्याला दाखवण्यासाठी टर्मिनलचे जपानी नाव लिहिलेला कागद मी पत्रासोबत जोडला आहे, त्याच्या प्रती काढून वाटाव्यात. पासपोर्ट किंवा जहाजाने त्याच्या बदल्यात दिलेला कागद प्रत्येकाच्या अंगावर हवा. थोडे रोख येन हवेत. आणि छत्री हवीच. या भागात म्हणच आहे की जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून लिहिते. वारा जोराचा असला तर कप्तान बंदर गाळून पुढे जाऊ शकतो, आणि त्यावर कोणाचा इलाज नसतो. म्हणून मी कुठलीही तिकिटे आधी काढलेली नाहीत. तसे झालेच तर पुढच्या बंदरावर मी आगगाडीने येईन. त्यासाठी जहाजाचे पूर्ण वेळापत्रक, तुमच्या खोलीचा क्रमांक आणि व्हिसाची छायाप्रत मला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाठवावी. आईच्या गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. आत्यांना माझा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

तुमची लेक,
मुग्धा