सुई नवी, पेन तेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांतील स्वच्छतेवरचा कालचा लेख वाचून मन फार अस्वस्थ झालं. फरशी, चादरी, हात धुणं, सगळं त्यात आलं. या खाटेवरून त्या खाटेवर फिरणाऱ्या उपकरणांवर मात्र एकच ओळ: ती ‘वेळोवेळी निर्जंतुक केली जातात’. वेळोवेळी म्हणजे कधी? प्रश्न प्रत्येक माणसानंतरचा आहे!

माझी आई अशाच एका केंद्रात दोन वर्षं होती. सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला सिस्टर यायच्या. खोलीत मधुमेहाच्या चारजणी. ट्रेमध्ये ग्लुकोमीटर एक आणि बोटाला टोचायचं पेनही एकच. सुई दर वेळी नवी असायची, ते मी स्वतः पाहिलंय. पण एकदा यंत्र हातात घेतलं, तर पट्टी घालायच्या खाचेपाशी तपकिरी ठिपका वाळलेला. ओला कापूस लावला, तो लालसर झाला. रक्त कुणाचं, कोण सांगणार? विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, “अहो ताई, सुई बदलते ना मी!”

रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो, आणि पसरायला त्याला डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. म्हणून टोचायचं पेन ज्याचं त्यालाच, सुई बदलली तरी दुसऱ्याला नाही. ग्लुकोमीटरही शक्यतो ज्याचा त्याचा असावा. सामाईक असलाच, तर दर वापरानंतर आधी मळ पुसायचा आणि मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेली मिनिटं तो ओला राहू द्यायचा. बोळा फिरवून लगेच कोरडा केला, तर निर्जंतुक झालाच नाही. बीपीच्या पट्ट्याचं तेच. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूमुळे जुलाब सुरू असतील, तर त्याचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचबंद सुप्त रूप, स्पिरिटने मरत नाहीत, क्लोरीनच्या द्रावणासारखं बीजाणू मारणारं जंतुनाशकच लागतं.

सिस्टरांवर माझा राग नाही. रात्रभर जागून पहाटे एकटीने अख्खा मजला उरकायचा, त्यात ही मिनिटं त्यांना देतं कोण? राग व्यवस्थापनावर आहे. मी आईसाठी वेगळं पेन आणलं, चिकटपट्टीवर तिचं नाव लिहून तिच्या खणात ठेवलं. आठवड्याने गेले तर ते ट्रेमध्ये. आईच्या नावाच्या पेनाने चौघींना टोचणं चाललं होतं.

आणखी एक. ज्येष्ठांसाठीचं पान एवढ्या बारीक टाइपात का छापता? ज्यांच्यासाठी ते आहे, त्यांना वाचता येत नाही. शेजारच्या आजोबांना हा लेख मीच वाचून दाखवला.

पुढचा भाग रविवारी येणार असं छापलंय. त्याआधी आपल्या प्रतिनिधींनी कृपा करून सकाळी साखर तपासायच्या वेळी एखाद्या केंद्रात जाऊन उभं राहावं आणि ट्रेमध्ये पेनं किती आहेत ते मोजावं.

आपली,
एक नियमित वाचक