कफ असिस्ट यंत्रासाठी सोलापूरकरांना नम्र आवाहन

सप्रेम नमस्कार.

स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्या आपल्या सभासदांना छातीतला कफ बाहेर काढण्यास मदत करणारे कफ असिस्ट नावाचे यंत्र मंडळाच्या साधनपेढीसाठी घ्यावयाचे ठरले असून, पावसाळ्याच्या आत ते हाती यावे म्हणून हे आवाहन करीत आहोत. पहिल्या सरींबरोबर सर्दी-पडसे घरोघर येते. इतरांचे ते आठवड्यात बरे होते, आपल्या रुग्णांना मात्र त्यापायी दवाखान्यात दाखल व्हावे लागते.

साधनपेढी कशी उभी राहिली हे आपण जाणताच, तरी ज्यांनी ती उभी केली त्यांचे ऋण पुन्हा एकदा नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिले सक्शन मशीन (घशातील लाळ-कफ ओढून घेणारे) अशोक चौकातील एका भगिनीने दिले. मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायूंना चालविणाऱ्या चेतापेशींच्या आजाराने यजमान गेले, तेरावे उरकले आणि दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः रिक्षातून ते मशीन घेऊन आल्या; नळ्या धुऊन, वाळवून कोऱ्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. "हे बंद पडू देऊ नका," एवढेच त्या म्हणाल्या. ते मशीन आजही चालू आहे आणि ते चालू ठेवणारे आपले इलेक्ट्रिशियन काका दुरुस्तीचा एक रुपयाही घेत नाहीत. पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांनी एका दिवसाची मजुरी दिली, विडी घरकुलातील भगिनींनी भिशीतून रक्कम बाजूला काढून हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याच्या अंबू बॅगा घेऊन दिल्या, आणि त्या कशा वापराव्यात हे आपल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवून घरोघरी जाऊन शिकविले. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनीच आजवर हे काम तोलून धरले, हे सांगताना मंडळाला अभिमान वाटतो.

आता अडचण कोठे आहे ते सांगतो. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वररज्जू मिटतात आणि श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप खाली झुकते. तोंडाचे व घशाचे वीसहून अधिक स्नायू ठरल्या क्रमाने चालले तरच घास अन्ननलिकेत उतरतो. हेच स्नायू या आजारांत दुबळे होतात, पण प्रत्येक आजाराची रीत निराळी. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजविणाऱ्या जनुकीय आजाराच्या मुलांना कोरडा, घट्ट घास जड जातो व त्याचा काही भाग घशातच रेंगाळतो. मोटर न्यूरॉनच्या रुग्णांना बहुधा पाण्यासारखे पातळ पदार्थ आधी ठसका लावतात. मायस्थेनियात, म्हणजे वापरासरशी स्नायू थकविणाऱ्या आजारात, जेवणाची सुरुवात बरी होते आणि शेवटच्या घासांपर्यंत जबडा व घसा थकून जातात, म्हणून स्नायूंना काही वेळ बळ देणाऱ्या गोळीची वेळ जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी धरावी लागते. कित्येकदा अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो तरी ठसकासुद्धा लागत नाही. घरच्यांना ते कळते न्यूमोनिया झाल्यावर.

आपल्या एका बालसभासदाला शेंगाचटणीवाचून जेवण जात नाही, आणि कोरड्या भुग्याची ती चटणीच त्याच्या घशाला सर्वांत वाईट. त्याची आई चटणी चाळून घट्ट दह्यात कालवते, कडक भाकरी आमटीत पार मऊ करते, मुलाला ताठ बसवून हनुवटी किंचित खाली घ्यायला लावते आणि दोन बोटे त्याच्या गळ्यावर ठेवते. कंठमणी वर सरकला की मगच पुढचा घास. अर्ध्या भाकरीला तास जातो. ही माउली जे करते त्यापुढे आमचे काम काहीच नाही.

एवढे जपूनही कण आत गेलाच, तर तो बाहेर काढण्याचा उपाय एकच, जोरदार खोकला. निरोगी प्रौढाच्या खोकल्यात हवा मिनिटाला ३६० लिटरांहून अधिक वेगाने बाहेर पडते. हा वेग २७० च्या खाली गेला की साध्या सर्दीतही धोका संभवतो आणि १६० च्या खाली कफ सुटतच नाही. कफ असिस्ट मास्कमधून फुप्फुसांत हवा भरते आणि लगेच ती वेगाने ओढून घेते, म्हणजे रुग्णाच्या वतीने खोकते. ऑक्सिजन सिलिंडर देऊ का, असे काही दात्यांनी आपुलकीने विचारले. त्यांचे आभारच आहेत, परंतु या रुग्णांत श्वास ओढणारे स्नायूच थकलेले असल्याने नुसत्या ऑक्सिजनने अंगातला कार्बन डायऑक्साइड वाढून अपाय होऊ शकतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

गेल्या वर्षी याच यंत्रासाठी गड्ड्याच्या यात्रेत पत्रके वाटली होती. निम्मीच रक्कम जमली, त्याचे वाईट वाटले. त्याहून लागले ते एका प्रतिष्ठित गृहस्थांचे बोलणे, की आजाराला औषधच नसताना यंत्रावर पैसा कशाला घालवायचा. मायस्थेनियावर औषधे आहेत, आणि ड्युशेनच्या मुलांचे आयुष्य श्वासाच्या साधनांमुळे कित्येक वर्षांनी वाढले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, परंतु प्रमाणपत्र हाती असले तरी रात्री दोन वाजता कफ दाटल्यावर ते कामी येत नाही.

यंत्राची किंमत काही लाखांत जाते, जमलेली निम्मी रक्कम मंडळाच्या खात्यात सुरक्षित आहे. देणगी धनादेशाने वा कार्यालयातील क्यूआर कोडवर द्यावी (सायंकाळी ६ ते ८, गुरुवारी बंद), देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असल्यास पॅन क्रमांक द्यावा व २,००० रुपयांवरील रक्कम रोख देऊ नये. वापरात नसलेले बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारे यंत्र) वा सक्शन मशीन चालेल, मास्क व नळ्या मात्र नव्याच लागतात. निरोप दिल्यास कार्यकर्ते रविवारी घरी येऊन नेतील. मुदत ३१ मे.

आपला नम्र,
चिटणीस