ट्रेसरच्या चाचण्यांत क्षयरोगाचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

कर्करोगाच्या निदानासाठी येऊ घातलेल्या नव्या किरणोत्सारी ट्रेसरविषयी, म्हणजे शरीरात टोचल्यावर स्कॅनमध्ये रोगाची जागा उजळवणाऱ्या द्रव्यांविषयी, आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण असला, तरी या चाचण्या कोणत्या रुग्णांवर व्हाव्यात, हा प्रश्न त्यात राहून गेला आहे.

पेट स्कॅनसाठी आज प्रामुख्याने वापरला जाणारा एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. कर्करोगाच्या पेशी ती अधिक प्रमाणात ओढून घेतात. पण क्षयाने सुजलेल्या गाठीही तेच करतात. त्यामुळे विडी वळणाऱ्या एखाद्या बाईच्या छातीतील गाठी पडद्यावर उजळल्या, तर तो कर्करोगाचा फैलाव की क्षय, हे बायोप्सीवाचून ठरत नाही. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेले 'फापी' गटातील ट्रेसर साखरेवर अवलंबून नाहीत, ते कर्करोगाच्या गाठीभोवतीच्या पेशींमधील एका प्रथिनाला चिकटतात. मात्र हे प्रथिन जखम भरताना आणि जुनाट दाहातही आढळते. क्षय क्वचितच दिसणाऱ्या देशांतले निष्कर्ष म्हणूनच आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे.

सोलापुरात अशा चाचण्या घेणे जमेल का? फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पुण्याहून निघालेल्या मात्रेचा, वाटेतली रहदारी आणि इथली तयारी धरून चार-साडेचार तासांनी जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. गॅलियम-६८ हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य तर ६८ मिनिटांतच निम्मे होते, पण ते रुग्णालयात ठेवलेल्या 'जनरेटर' नावाच्या उपकरणातून जागेवरच काढता येते आणि फापीला जोडता येते. खर्च मोठा आहे. अशक्य मात्र नाही.

आपल्या भागाला संशोधन नवे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, एक लाखाहून अधिक स्त्रिया सहभागी होत्या आणि आपल्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. त्यातील एका गटाची तपासणीच केली नाही, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती रास्त होती.

नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमती घेणे बंधनकारक आहे. ही चाचणी उपचार नव्हे, तिचा स्वतःला लाभ होईलच असे नाही आणि थोडा किरणोत्सार शरीरात जाणार आहे, हे साध्या मराठीत, आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगूतही, तोंडी समजावून सांगावे. नव्या ट्रेसरने दाखवलेल्या संशयित गाठीची बायोप्सी करावी लागल्यास तिचा खर्च चाचणी घेणाऱ्यांनीच उचलावा, रुग्णाच्या माथी मारू नये.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर